डूलॉखची वाट: आयर्लंडमधलं एक गाव दुष्काळ कसा आठवतं

३० मार्च १८४९, शुक्रवार. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो काउंटीत लुईसबर्ग नावाचं छोटंसं गाव आहे. सरकारी मदतीच्या यादीवरच्या लोकांची तपासणी करायला त्या दिवशी दोन अधिकारी तिथे आले. यादीत नाव राहिलं तर मक्याचं पीठ मिळणार, कापलं गेलं तर नाही. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून शेकडो माणसं गोळा झाली. पण त्यांची तपासणी न करताच अधिकारी पुढे डेल्फी लॉजवर मुक्कामाला निघून गेले. मागे निरोप ठेवला, उद्या सकाळी सात वाजता तिकडे हजर व्हा.

डेल्फी लॉज हा तिथल्या बड्या जमीनदाराचा, स्लायगोच्या मार्क्विसचा, मासेमारीसाठी बांधलेला बंगला. गावापासून बारा मैल, म्हणजे एकोणीसेक किलोमीटर. वाट डोंगरातून जाते आणि मग डूलॉख तळ्याच्या काठाने. आयरिश भाषेत डूलॉख म्हणजे काळं तळं. चार वर्षं उपासमार सोसलेली माणसं कडेवर पोरं घेऊन रात्रीच चालायला लागली. थंडी होती, गारांचा मारा होता आणि वाटेतला ओढा फुगला होता असं गाव सांगतं. हेही सांगतं की माणसं पोचली तेव्हा साहेब जेवायला बसले होते, त्यामुळे लोकांना बाहेर थांबायला लावलं आणि शेवटी रिकाम्या हाताने परत पाठवलं.

त्या वाटेवर किती माणसं मेली? दहाएक दिवसांनी मेयोच्या एका वर्तमानपत्रात 'एक करदाता' अशा सहीचं पत्र छापून आलं. त्यात म्हटलंय की रस्त्याच्या कडेला बायकामुलांसह सात जणांची प्रेतं सापडली आणि आणखी नऊ जण घरी पोचलेच नाहीत. गाव मात्र वेगळा आकडा सांगतं. पिढ्यानपिढ्या सांगितला गेलेला तो आकडा चारशेचा आहे.

सोळा आणि चारशे. कागद खरा की गाव खरं, असा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. मलाही तसंच वाटलं होतं. पण दुष्काळाची लोकांच्या मनातली आठवण कशी तयार होते, कशी टिकते आणि कुठे गप्प बसते हे समजून घेतलं, की त्या दोन आकड्यांकडे बघायची नजरच बदलते.

आधी थोडं, झालं काय होतं

आयर्लंडचा हा दुष्काळ १८४५ ते १८५२ असा चालला. तिथल्या भाषेत त्याला 'अन गोर्टा मोर', म्हणजे मोठी भूक, म्हणतात. पश्चिमेकडच्या आयरिश बोलणाऱ्या गावांत मात्र म्हातारी माणसं दुसराच शब्द वापरायची. तो 'अन द्रॉखहील', म्हणजे वाईट काळ. 'वाईट काळात आमच्याकडे असं झालं' एवढंच म्हणायचं. कुठला काळ, हे विचारायची कुणाला गरज नसे.

पाऊस पडला नाही म्हणून हा दुष्काळ पडला नव्हता. आपल्याला दुष्काळ म्हटलं की कोरडं आभाळ आणि भेगाळलेली जमीन डोळ्यांसमोर येते. तिथे आभाळ ओलं होतं, धुकं होतं, आणि घात झाला तो त्याच ओलाव्याने. 'फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स' या बुरशीसारख्या जीवामुळे बटाट्याच्या पाल्यावर करपा पडला. आपल्याकडच्या टोमॅटो-बटाट्याच्या शेतकऱ्याला हा वैरी चांगला ठाऊक आहे. ढगाळ, दमट हवा पडली की ज्या उशिरा येणाऱ्या करप्याच्या धास्तीने फवारणीची घाई होते, तो हाच. तेव्हा फवारणी नव्हती, आणि हे नेमकं काय आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. फादर मॅथ्यू नावाचे धर्मगुरू जुलै १८४६च्या शेवटी कॉर्कहून डब्लिनला गेले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बटाट्याची शेतं भरात होती. आठवड्याने ते त्याच रस्त्याने परतले तर सगळीकडे सडलेला पाला, आणि बांधावर बसून हात चोळत रडणारी माणसं.

पीक तर बेल्जियम-हॉलंडातही गेलं. मग माणसं इथेच एवढी का मेली? कारण इथल्या गरिबाच्या ताटात दुसरं काही नव्हतं. चांगली जमीन जमीनदाराची, तिच्यात पिकणारा ओट आणि गहू खंड भरण्यासाठी विकायचा, आणि उरलेल्या खडकाळ तुकड्यात बटाटे लावून वर्ष काढायचं. राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. त्यातही बहुतेक ठिकाणी लावलेली जात एकच, 'लंपर' नावाची. तिला जमीन हलकी चालायची, उतारा भरपूर मिळायचा, पण करप्यापुढे तिचा टिकाव लागला नाही.

बाकीचं काम राज्यकारभाराने केलं. पहिल्या वर्षी, आयर्लंडवर राज्य करणाऱ्या लंडनच्या सरकारने अमेरिकेतून मका आणवला. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि बाजारात हात घालायचा नाही हे धोरण कडक झालं. मजुरी हवी तर खडी फोडा, रस्ते बांधा. मार्च १८४७मध्ये सात लाखांहून जास्त माणसं अशा कामांवर होती. मग तीही कामं बंद करून अन्नछत्रं उघडली आणि त्या जुलैत रोज तीस लाख माणसांना शिजवलेलं अन्न मिळालं. म्हणजे मनात आणलं तर देशाला जेवू घालणं जमत होतं. पण उन्हाळ्याचे ते दोन-तीन महिने सरले आणि छत्रंही बंद झाली. यापुढे गरिबांचा भार स्थानिक करांवर, असा कायदा आला आणि त्यात एक कलम घातलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. पाव एकर म्हणजे आपल्या हिशेबात दहा गुंठे. भुकेल्या कुळाने काय करायचं? जमीन सोडून द्यायची आणि पीठ घ्यायचं, किंवा जमीन धरून उपाशी मरायचं. हजारो घरं या एका कलमाने मोडली.

या सगळ्या मदतीची सूत्रं हलवणारा लंडनच्या खजिन्यातला अधिकारी होता चार्ल्स ट्रेव्हेलियन. तरुणपणी तो दिल्ली-कलकत्त्यात नोकरीला होता, आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर आणि हिंदुस्थान सरकारचा अर्थखात्याचा सदस्य होऊन परत आला. त्या काळच्या राज्यकर्त्यांची ही विचारसरणी आपल्यालाही परकी नाही. १८७७ साली सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्यावर आणली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारला लिहिलं होतं.

१८४१च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ साली ती ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसं भूक आणि तापाने मेली, आणि दहा लाखांहून जास्त बोटीत बसून देश सोडून गेली. एकट्या मेयोत ३ लाख ८९ हजारांचे पावणेतीन लाख उरले.

आठवणी वहीत कशा आल्या

एवढं मोठं मरण झालं तरी गावातल्या माणसाला काय आठवतं, हे कुणी मुद्दाम विचारलं नव्हतं. १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. त्याने १९३७ ते १९३९ या काळात एक फार सुंदर काम केलं. देशातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या पोरांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, आणि ते सांगतील ते वहीत उतरवून आणा. विषयांची यादी दिली होती. तिच्यात भुतंखेतं होती, विहिरी, औषधं, खेळ होते, आणि 'दुष्काळाचा काळ' हाही एक विषय होता. पन्नास हजारांहून जास्त मुलांनी लिहिलं. सगळं मिळून सात लाख चाळीस हजार पानांच्या आसपास भरतं. पुढे १९४५ साली, दुष्काळाला शंभर वर्षं झाली म्हणून, आयोगाने खास दुष्काळावरची प्रश्नावली गावोगावी धाडली. हा सगळा ठेवा आज डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि शाळकरी वह्या तर कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. वळणदार अक्षर, मध्येच सांडलेली शाई, आणि पानाखाली कुणी सांगितलं त्याचं नाव आणि वय. ही पानं मी रात्री उशिरापर्यंत उलटत बसलेय. बारा वर्षांच्या पोराने आजोबांचं ऐकून लिहिलेलं वाक्य इतिहासाच्या जाड पुस्तकापेक्षा खोल जातं.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सांगणारी ही म्हातारी माणसं बहुतेक दुष्काळानंतर जन्मलेली. त्यांनी तो पाहिला नव्हता, आईबापांकडून ऐकला होता. शिवाय प्रश्नाने उत्तराला वळण मिळतं. शिक्षकांना दिलेल्या पुस्तिकेत विचारायच्या गोष्टीच नमूद होत्या: पूर्वी इथे वस्ती दाट होती का, पडक्या घरांच्या जागा दाखवता येतात का, बटाटे जमिनीतच सडले की साठवल्यावर. म्हणून गावोगावच्या वह्यांत तीच सुरुवात दिसते, 'दुष्काळापूर्वी आमच्या भागात खूप वस्ती होती, घरांचे अवशेष अजून दिसतात.' ती खोटी नाही. पण न विचारलेल्या गोष्टी या वह्यांत फारशा सापडणार नाहीत, एवढं समजून वाचायचं.

गाव काय सांगतं

सगळ्यात आधी वास. रात्री धुकं उतरलं आणि सकाळी शेतातून कुजका वास आला, हे असंख्य ठिकाणी सांगितलंय. मग खाणं. नेटल नावाच्या खाजऱ्या झुडपाची पानं, शेतातली रानमोहरी, शेवाळ, खडकावरचे शिंपले, कुठे गाईच्या मानेची शीर टोचून काढलेलं रक्त पिठात कालवून केलेल्या भाकऱ्या. पुढच्या वर्षी लावायला बियाणं नाही म्हणून बटाट्याचे डोळे तेवढे कापून मातीत पुरले आणि राहिलेला गर पोरांना उकडून घातला. ही शेवटची गोष्ट कुठल्या सरकारी अहवालात अशी ठसठशीत येणार? ती फक्त स्वयंपाकघरात आठवली जाते.

मक्याच्या पिठाची आठवणही अशीच. त्याला ते 'मिन व्ही', म्हणजे पिवळं पीठ, म्हणत. कुणाला ते शिजवायचं कसं हे ठाऊक नव्हतं, अर्धकच्चं खाऊन पोटं बिघडली. आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ म्हटला की लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडणं हे तीन शब्द आपोआप तोंडात येतात ना, तसं तिथे पिवळं पीठ, सूप आणि रस्ता. डोंगरात कुठेही न पोचणारे रस्ते आहेत. पीठ मिळावं म्हणून बांधलेले आणि काम बंद झालं तिथेच संपलेले.

सूपची आठवण मात्र कडवट आहे. काही प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी कॅथलिक पंथ सोडून त्यांच्यात येणाऱ्यांना जेवण दिलं. असं सगळीकडे झालं नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तर कुणाचा धर्म न विचारता कढया चढवल्या आणि त्यांचं नाव आजही आदराने घेतात. पण जिथे झालं तिथे 'त्यांनी सूप घेतलं' हे शब्द त्या घराला चिकटले ते कायमचे. भुकेपोटी एका माणसाने केलेली गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरली. गावाची आठवण मायाळू असते तशी निष्ठुरही असते, आणि मला इथे तिचा राग येतो.

काही गोष्टी वाचताना जाणवतं की या सगळीकडे सारख्याच आहेत. दारी आलेल्या भिकाऱ्याला घरातलं शेवटचं पीठ देऊन टाकणारी बाई. नवरा रागावून पेटी उघडून बघतो तर ती काठोकाठ भरलेली. मेलेल्या आईला पाठीवर बांधून स्मशानात नेणारा मुलगा. भुकेल्या पोरांना झोप लागावी म्हणून चुलीवर दगड शिजत ठेवणारी आई. प्रत्येक गाव म्हणतं, हे आमच्याच इथे झालं. अशा कथांना खोटं ठरवू नये. 'इथे या दिवशी हे घडलं' असं त्या म्हणत नाहीत. त्या दिवसांत माणसाने माणसाशी कसं वागायला हवं होतं, हे गाव त्यांतून स्वतःला बजावत असतं.

आणि मग ते गवत. 'फेर गॉर्टख', भुकेलं गवत. रस्त्याकडेला जिथे कुणी भुकेने मेलं तिथे उगवलेल्या गवतावर पाय पडला, की चालणाऱ्याच्या पोटात अचानक आग पडते, पाय गळतात, आणि लगेच काही खाल्लं नाही तर माणूस उठत नाही. म्हणून लांब जायचं तर खिशात भाकरीचा तुकडा असू द्यावा असं म्हातारे सांगायचे. मेलेल्यांना धड कबर मिळाली नव्हती. कॉर्क काउंटीतल्या स्किबरीनच्या ॲबीस्ट्र्यूरी दफनभूमीत आठ ते दहा हजार माणसं सामुदायिक खड्ड्यांत आहेत. शवपेट्या पुरेनात म्हणून तळाला बिजागरी लावलेली पेटी वापरायचे. प्रेत खड्ड्यात सोडायचं आणि तीच पेटी पुढच्यासाठी. ज्यांना दगडावर नाव मिळालं नाही त्यांची जागा लोकांनी गवतावरून ओळखली.

आणि काय सांगत नाही

वह्या वाचता वाचता एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: 'आमच्या गावाला फारसा त्रास झाला नाही, पलीकडच्या गावात मात्र फार माणसं मेली.' पलीकडच्या गावची वही उघडावी तर तिथेही हेच.

याचं एक कारण साधं आणि फार दुःखाचं आहे. जी घरं मुळासकट गेली, त्यांचं सांगायला कुणी उरलंच नाही. ज्यांचं कुणीतरी वाचलं, त्यांनीच नातवंडांना गोष्टी सांगितल्या. सगळ्यात जास्त मेले ते भूमिहीन मजूर. त्यांच्या झोपड्या मातीच्या, दोन पावसाळ्यांत विरघळून गेल्या. त्यांची भाषा आयरिश होती. दुष्काळानंतरच्या पिढीने मुलांना इंग्रजीतच वाढवलं, कारण बोटीच्या पलीकडे तीच लागणार होती. आजी ज्या भाषेत रडली ती नातवाला कळत नाही, अशी घरं झाली.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे. एका घराला हाकलून दिलं, तेव्हा त्याची जमीन कुणी घेतली? बड्या जमीनदारांनी घेतली आणि मेंढरं चारली, हे गाव मोठ्याने सांगतं. पण काही तुकडे शेजाऱ्यानेही घेतले. कुणी चढ्या भावाने पीठ विकलं, कुणी उधारीवर सावकारी केली. घर पाडायला पहारी घेऊन आलेले मजूरही त्याच मुलखातले होते. ज्या गावात सगळे एकमेकांचे सोयरे, तिथे हे कोण बोलणार? म्हणून 'ती जमीन लाभली नाही त्यांना' एवढं एक वाक्य येतं आणि सांगणारा विषय बदलतो. मला त्या वाक्यापाशी थांबावंसं वाटतं. त्या गप्प बसण्यातही खूप काही साठवलेलं आहे.

आता परत डूलॉखकडे जाऊ. सोळा आणि चारशे. वर्तमानपत्रातलं पत्र त्या दोन दिवसांचा हिशेब सांगतं, रस्त्यावर सापडलेली प्रेतं आणि न परतलेली माणसं. पण चालून आलेल्यांतलं कुणी घरी पोचून आठवड्याने मेलं असेल, कुणी तापाने, कुणी पुढच्या महिन्यात. त्यांना मोजायला कुणी बसलं नव्हतं. माझ्या मते चारशे हा आकडा त्या एका रात्रीचा नाही, त्या सबंध मुलखाने चार वर्षांत जे गमावलं त्याचा आहे. गावाने सगळी मरणं आणून त्या एका वाटेवर ठेवली, कारण ती वाट दिसते, तिच्यावरून चालता येतं. आकडा म्हणून चारशे बरोबर नसेल. पण साहेबाने सांगितलं म्हणून उपाशी माणसं डोंगर ओलांडून गेली आणि त्यांना परत पाठवलं, हे जे गाव एवढं घट्ट धरून बसलंय, त्याला कागदानेही दुजोरा दिला आहे.

आज त्या खोऱ्यात रस्त्याच्या कडेला एक साधा दगडी क्रूस उभा आहे. त्याच्यावर गांधीजींचे शब्द कोरले आहेत. आपल्याच भावंडांची मानखंडना करून माणसाला मोठेपणा कसा वाटतो, असा त्यांचा आशय. १९८८ पासून दरवर्षी माणसं त्या वाटेने चालतात. १९९० साली अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींचे प्रतिनिधी या यात्रेत चालायला आले. त्यांच्या पूर्वजांना १८३०च्या दशकात स्वतःच्या मुलखातून हाकललं होतं आणि त्या सक्तीच्या वाटचालीत त्यांची हजारो माणसं गेली होती. तरी १८४७ साली, न पाहिलेल्या आयर्लंडमध्ये लोक उपाशी आहेत हे ऐकून त्यांनी १७० डॉलर गोळा करून पाठवले. त्या काळात कलकत्त्यातूनही वर्गणी गेली होती, सुमारे १४,००० पौंड. त्यातला बराच पैसा तिथल्या आयरिश शिपायांचा आणि कंपनीच्या नोकरांचा होता.

डेल्फीच्या पुढे थोडं गेलं की किलरीची खाडी लागते. दोन्ही बाजूंना उभे डोंगर. दुपारी बघाल तर नुसतं हिरवं गवत आणि मेंढरं. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की त्या उतारांवर सावल्यांच्या समांतर रेघा उमटतात, खालपासून वर चढत गेलेल्या. ते बटाट्याचे सरी-वरंबे आहेत, पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाताने, फावड्याने ओढलेले. त्यानंतर तिथे कुणी नांगर घातला नाही. काही वाफ्यांतला बटाटा तर कुणी काढलाच नाही, असं तिथले लोक सांगतात.